श्रवणदिनापासून दशाह : परदेशस्थांच्या कौटुंबिक स्थित्यंतरांचा विचार

जो घरापासून दूर आहे त्याला घरच्या मृत्यूची वार्ता उशिरा कळली, तर त्याने आशौच किती दिवस पाळावे, हा प्रश्न धर्मशास्त्रकारांनी मोठ्या बारकाईने हाताळला आहे. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात त्याचे उत्तर उतरत्या हिशेबाने दिलेले आढळते. दहा दिवसांच्या आत वार्ता कळली तर उरलेले दिवस तेवढे पाळावेत. दहा दिवस उलटल्यावर कळली तर तीन रात्री. आणि वर्ष लोटल्यानंतर कळली तर केवळ स्नानाने शुद्धी होते. काळ जाईल तसे बंधन सैल व्हावे, असा या व्यवस्थेचा रोख आहे. तथापि मातापित्यांच्या बाबतीत हा हिशेब लागू करण्यास पुढील शास्त्रकार राजी झाले नाहीत. याज्ञवल्क्यस्मृतीवरील मिताक्षरा टीकेत विज्ञानेश्वराने पैठीनसीच्या वचनाचा आधार घेऊन असा निर्णय दिला की, पुत्र कितीही दूर असो, ज्या दिवशी त्याच्या कानी वार्ता पडेल त्या दिवसापासून त्याने पुरे दहा दिवस मोजावेत.

या निर्णयात धर्मविचाराबरोबर समाजस्थितीची एक जाणही दिसते. मृत्यू एका तिथीस घडतो. दूरस्थ पुत्राच्या आयुष्यात तो दुसऱ्याच तिथीस घडतो. आणि या दोन्ही तिथी खऱ्या आहेत, हे येथे मान्य केलेले आहे. आज दूरध्वनीमुळे या दोन तिथींमधील अंतर नाहीसे झाले, असे वरवर पाहणाऱ्यास वाटेल. काळेवाडीच्या घरात पहाटे चार वाजता घडलेली गोष्ट न्यू जर्सीत आदल्या दिवशीच्या संध्याकाळी, काही मिनिटांतच, कळते. परंतु वार्ता पोचणे आणि माणूस पोचणे यांमधील अंतर मात्र कायम आहे. पूर्वी वार्ता व माणूस या दोघांनाही विलंब लागे. आता वार्ता तत्काळ येते आणि माणूस मागे राहतो. परदेशी राहणाऱ्या मराठी माणसावर जेव्हा एकामागून एक अशी अनेक कौटुंबिक स्थित्यंतरे कोसळतात, तेव्हा त्याची जी ओढाताण होते तिचे मूळ बव्हंशी या नव्या अंतरात शोधावे लागते.

स्थित्यंतरांचा भार मोजण्याचा सर्वांत परिचित प्रयत्न टॉमस होम्स व रिचर्ड राहे या दोन अमेरिकी संशोधकांनी १९६७ साली केला. त्यांनी त्रेचाळीस घटनांची एक श्रेणी प्रसिद्ध केली. पती किंवा पत्नी यांच्या मृत्यूस १०० गुण, निकटच्या आप्ताच्या मृत्यूस ६३, विवाहास ५०, कुटुंबीयाच्या प्रकृतीतील बदलास ४४, घरात नव्या व्यक्तीच्या आगमनास ३९, राहते ठिकाण बदलण्यास २०, अशी ही मांडणी आहे. वर्षभरातील घटनांची बेरीज ३०० च्या वर गेली की आजारपणाचा संभव वाढतो, असा तिचा निष्कर्ष. आनंदाची घटनाही माणसास थकवते, ही गोष्ट या श्रेणीने ठळकपणे पुढे आणली, हा तिचा गुण निर्विवाद आहे. परंतु बेरजेची पद्धत घटनांचा परस्परसंबंध पाहत नाही. वडिलांचा मृत्यू आणि बहिणीचे लग्न हे तिच्या दृष्टीने दोन सुटे आकडे आहेत. मराठी घरात ते सुटे नसतात. आईबापांपैकी एकाचा मृत्यू झाला असता घरातील ठरलेले किंवा योजलेले लग्न वर्षाच्या आत उरकावे, नाहीतर तीन वर्षे थांबावे, असा संकेत पुष्कळ घरांत आजही पाळला जातो. म्हणजे एक स्थित्यंतर दुसऱ्यास ओढून जवळ आणते. स्थित्यंतरांची गर्दी ही नेहमीच दैवाची करणी नसते. कित्येकदा ती रूढीच्या पंचांगाने घडवलेली असते.

याहून उपयुक्त दृष्टी फ्रेंच अभ्यासक आर्नोल्ड व्हान गेनेप याच्या १९०९ सालच्या विवेचनात सापडते. जन्म, विवाह, मृत्यू यांसारख्या प्रसंगीच्या विधींत त्याने तीन पायऱ्या दाखविल्या : पूर्वस्थितीपासून वेगळे होणे, मधला उंबरठ्यावरील काळ, आणि नव्या स्थितीत प्रवेश. यातील तिसरी पायरी, जिला येथे ‘स्थाननिश्चिती’ म्हणता येईल, ती मराठी अंत्यविधीत किती उघडपणे घडते हे पाहण्यासारखे आहे. दहाव्या दिवशी पिंड ठेवला जातो आणि कावळा शिवण्याची वाट पाहिली जाते. तो शिवत नसेल तर मृताची काही इच्छा राहिली आहे असे समजून आप्तांपैकी एकेक जण पुढे होतो आणि मोठ्याने सांगतो : धाकटीचे लग्न करून देऊ, आईला अंतर देणार नाही, घराचे कर्ज फेडू. भाविक हे मृतास सांगितलेले वचन मानतील. अभ्यासकास त्यात आणखी एक गोष्ट दिसेल. सर्व सोयऱ्याधायऱ्यांच्या साक्षीने घरातील कामांची व जबाबदाऱ्यांची ती नवी वाटणी असते. पुढे तेराव्याला सोयऱ्यांनी आणलेल्या दुखवट्याची वस्त्रे स्वीकारली जातात, गोड जेवण होते, आणि कोण आता घरचा कर्ता, कोण कोणाचे पाहणार, हे न बोलता सर्वांस ठाऊक झालेले असते.

परदेशस्थ पुत्र या घाटावर नसतो. त्याच्या वतीने कोणी चुलता किंवा धाकटा भाऊ बोलतो. वचन दिले जाते, ते त्याच्यावर बांधीलही होते. पण ते त्याच्या तोंडून निघालेले नसते.

काळेवाडीचे उदाहरण येथे विशेष बोधक ठरते. पवनेच्या काठचे हे मूळचे लहान शेतकरी गाव. पलीकडच्या पिंपरीस १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली. पुढे टेल्को, बजाज ऑटो व शेकडो लहानमोठे कारखाने आले. सातारा, सांगली, लातूर, उस्मानाबाद (आताचे धाराशिव), खानदेश येथून कामगार आले, आणि त्यांतील अनेकांनी काळेवाडी, रहाटणी, थेरगाव या पट्ट्यात एक-दोन गुंठ्यांची जागा घेऊन घरे बांधली. १९८२ साली पिंपरी-चिंचवड महानगरपालिका झाली तोवर मूळ गावापेक्षा बाहेरून आलेल्यांचे गाव मोठे होऊ लागले होते. (नदीपलीकडच्या पिंपरी कॅम्पात फाळणीनंतर वसलेल्या सिंधी कुटुंबांची कथा याहून कठोर आहे, त्यांना परतण्यास गावच उरले नव्हते.) तात्पर्य, घर सोडून दूर राहण्याचा अनुभव काळेवाडीतील पहिल्या पिढीस नवा नव्हता. परंतु त्या पिढीचे अंतर एस. टी. च्या एका रात्रीचे होते. गावाकडून निरोप आला की पाळी बदलून घ्यावी, रात्रीची गाडी धरावी, आणि अग्नी दिला गेला असला तरी तिसऱ्याच्या सावडण्यास नक्की पोचावे. विधींचे वेळापत्रक आणि प्रवासाचे वेळापत्रक एकमेकांत बसत होते.

विसाव्या शतकाच्या अखेरीस जवळच हिंजवडीस माहिती-तंत्रज्ञानाची नगरी उभी राहिली. २००९ साली चाकणला फोक्सवागेनचा कारखाना सुरू झाला. या कामगारांची मुले अभियंते झाली आणि त्यांतील काही अमेरिका, जर्मनी, इंग्लंड येथे गेली. दुसऱ्या पिढीचे हे दूर जाणे पहिल्या पिढीच्याच वाटेवरचे पुढचे पाऊल आहे, असे घरच्यांना वाटते. म्हणून ‘आम्ही नाही का आलो गाव सोडून?’ हा प्रश्न ते सहजपणे विचारतात. त्यात निष्ठुरता नसते. दोन अंतरांची जात निराळी आहे, हे मात्र त्यांच्या ध्यानी आलेले नसते.

एक कल्पित परंतु अशक्य नसलेले उदाहरण घ्यावे. थोरला मुलगा पत्नीसह न्यू जर्सीत एच-१बी परवान्यावर नोकरी करीत आहे. पत्नी गरोदर आहे. बाळंतपणासाठी काळेवाडीहून मुलाच्या आईने जावयाचे ठरले आहे. अशा वेळी वडील जातात. दहनास तो पोचू शकत नाही. दशक्रियेस पोचता येईल, पण त्याच्या पासपोर्टावरील व्हिसाची मुदत संपलेली आहे. म्हणजे तो भारतात आला तर परत जाण्यापूर्वी त्यास अमेरिकी वाणिज्य दूतावासातून नवा शिक्का घ्यावा लागेल, आणि तोवर पत्नी तेथे एकटी. तो थांबतो. दोन महिन्यांनी मूल जन्मते. आईने जावयाचे होते, पण वर्षभर तिने घर सोडू नये असे जाणती माणसे म्हणतात. शिवाय बहिणीचे लग्न वर्षाच्या आत करावयाचे आहे. बारसे दूरध्वनीच्या पडद्यावर होते. लग्नाचा खर्च त्याच्याकडे येतो, आणि त्याच सुमारास त्याची नोकरी जाते. २०१७ पासून लागू असलेल्या नियमाप्रमाणे अशा माणसास नवी नोकरी शोधण्यास किंवा देश सोडण्यास जास्तीत जास्त साठ दिवस मिळतात.

होम्स-राहे श्रेणीने याची बेरीज सहज करता येईल. ती बेरीज खोटी ठरणार नाही, पण खरी अडचण तीत दिसणार नाही. पंधरा महिन्यांत हा माणूस पितृहीन झाला, घरचा कर्ता झाला, बाप झाला, नवरीचा पाठीराखा भाऊ झाला. आणि यांपैकी एकाही नव्या स्थानी त्यास कोणी चारचौघांत बसविलेले नाही. व्हान गेनेपच्या भाषेत तो चार उंबरठ्यांवर एकाच वेळी उभा आहे. कचेरीत तर यांतील बऱ्याच गोष्टींना नावच नाही. अमेरिकेच्या १९९३ सालच्या कौटुंबिक रजेच्या कायद्याने आईवडिलांच्या गंभीर आजारासाठी पात्र कामगारास बारा आठवड्यांपर्यंत बिनपगारी रजा मिळू शकते. मृत्यूनंतरच्या शोकासाठी मात्र त्या कायद्यात रजा नाही. ती नोकरी देणाऱ्याच्या मर्जीवर असते आणि बहुधा तीन ते पाच दिवसांची असते. आजार हा कायद्यास कळतो, दहावा-तेरावा कळत नाही.

पॉलीन बॉस या संशोधिकेने ‘अनिश्चित हानी’ अशी एक कल्पना मांडली आहे. माणूस डोळ्यांसमोर नाही पण मनात उपस्थित आहे, किंवा समोर आहे पण मनाने हरवलेला आहे, अशा स्थितीत शोक पुरा होत नाही, असा तिचा आशय. परदेशस्थाच्या बाबतीत ही कल्पना एका अर्थी उलटी लावावी लागते. त्याला वडील गेल्याचे निश्चितपणे ठाऊक असते. परंतु ते गेल्याने त्याच्या दिनक्रमात काहीच बदलत नाही. रविवारी सकाळचा दूरध्वनी आईशी होतो, एवढेच. रिकामी खुर्ची पाहावी लागत नाही म्हणून तो सावरलेला दिसतो, आणि घरचे त्यास कोरडा समजतात. २०२० च्या मार्चमध्ये नियमित आंतरराष्ट्रीय विमानवाहतूक बंद झाली आणि २०२२ च्या मार्चअखेरपर्यंत ती पूर्ववत झाली नव्हती. त्या काळात ज्यांनी आप्तांचे दहन पडद्यावर पाहिले, त्यांच्या वाट्यास हीच स्थिती आली. पाहणे घडले, खांदा देणे घडले नाही.

ही ओढाताण विमानयुगाची नवी नाही. परदेशी असताना अनेक स्थित्यंतरे एकदम सोसावी लागलेल्या मराठी व्यक्तींत पंडिता रमाबाईंचे उदाहरण सर्वांत उत्तम रीतीने नोंदले गेले आहे. त्यांचा पत्रव्यवहार अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली १९७७ साली प्रसिद्ध झाला. आईवडील दुष्काळाच्या काळात गेले, भाऊ श्रीनिवास १८८० साली गेला, पती बिपिनबिहारी मेधावी १८८२ च्या फेब्रुवारीत पटकीने गेले. १८८३ साली दोन वर्षांच्या मनोरमेस घेऊन त्या इंग्लंडला गेल्या, तेव्हा माहेर-सासरचे जवळचे माणूस जवळपास कोणी राहिलेच नव्हते. बरोबर आलेल्या आनंदीबाई भगत यांनी वँटेजच्या ख्रिस्ती भगिनीमठात त्याच वर्षी आत्मघात केला. त्याच वर्षी २९ सप्टेंबरला रमाबाईंनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. वैद्यकी शिकण्याचा बेत कानाच्या दोषामुळे सोडावा लागला, आणि पुढे त्या चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात गेल्या.

या सर्व घटनांचे धर्मांतराच्या अंगाने पुष्कळ विवेचन झाले आहे. कुटुंबाच्या अंगाने पाहता लक्ष वेधते ती निराळीच गोष्ट. मठातील सिस्टर जेरल्डिन यांस रमाबाई पत्रांत ‘आजीबाई’ म्हणून संबोधितात. हा केवळ लडिवाळपणा नव्हे. भारतीय नातेव्यवस्थेवरील १९५३ सालच्या ग्रंथात इरावती कर्वे यांनी नातेवाचक शब्दांच्या प्रांतवार संग्रहास जे महत्त्व दिले, त्यामागील तत्त्व असे की नात्याचा शब्द हक्क आणि कर्तव्ये यांची यादी बरोबर घेऊन येतो. ज्या स्त्रीच्या स्थाननिश्चितीस एकही आप्त उरला नव्हता, तिने एक आप्त निर्माण केला. आणि ते आजीपण नुसते नावाचे राहिले नाही. मनोरमेचे शिक्षण कोणी ठरवावे, तिच्या धर्मसंस्कारांवर अधिकार कोणाचा, यावरून या दोघींत जो दीर्घ वाद झाला तो पत्रांतून स्पष्ट दिसतो. मठाच्या दृष्टीने रमाबाई शिष्या होत्या, आणि शिष्येने मान्य करावे अशी अपेक्षा होती. रमाबाईंच्या दृष्टीने त्या आई होत्या, आणि आईचा निर्णय अखेरचा होता. परक्या ठिकाणी माणसास स्थान देणारे मिळतात, पण ते आपल्या सोयीचे स्थान देतात, हा अनुभव रमाबाईंनी पुरेपूर घेतला. त्या १८८६ साली अमेरिकेस गेल्या त्या आप्त आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी. ११ मार्च रोजी फिलाडेल्फियास झालेला तो समारंभ म्हणजे परदेशात एका मराठी स्त्रीच्या नव्या स्थानास दुसऱ्या मराठी स्त्रीने दिलेली साक्ष होती. आनंदीबाईंनीही रोझेल येथील आपल्या आश्रयदात्या कार्पेंटरबाईंना मावशी मानले होते. त्या १८८७ च्या फेब्रुवारीत पुण्यास निवर्तल्या. त्यांच्या अस्थी पुढे अमेरिकेत त्या मावशीकडे गेल्या आणि कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत ठेवल्या गेल्या. मानलेले नाते शेवटपर्यंत निभावल्याचे याहून ठसठशीत उदाहरण विरळा.

आजच्या परदेशस्थांसही हे नवे काका-मावशी लागतात. लंडनचे महाराष्ट्र मंडळ १९३२ पासून आहे. उत्तर अमेरिकेतील मंडळांचे बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ साली स्थापन झाले. गणेशोत्सव, दिवाळी, नाटके यांमुळे ही मंडळे ओळखली जातात. पण बारशास जमणाऱ्या दहा बायका आणि दुःखाच्या दिवशी डबा घेऊन दारात येणारे शेजारी ही त्यांची कमी दिसणारी बाजू अधिक मोलाची आहे. मात्र मंडळातील काका दुःखात सोबत करू शकतात, ‘आता घरचा कर्ता तू’ असे सांगू शकत नाहीत. तो अधिकार काळेवाडीतल्या चुलत्याचा.

तो अधिकार सौम्यपणे वापरला गेला नाही तर काय होते, हे जमिनीच्या कागदांत दिसते. वडिलांनी स्वकष्टाने घेतलेल्या जागेवर मृत्युपत्र नसता १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे विधवा, मुलगे व मुली यांचा सारखा हक्क असतो. वडिलार्जित मिळकतीत मुलींना जन्मतः हक्क २००५ च्या दुरुस्तीने मिळाला. सात-बाराच्या नोंदीसाठी वारसाने हक्क मिळाल्याची वर्दी तलाठ्याकडे तीन महिन्यांत द्यावी, असे महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत आहे. म्हणजे शोकाचा पहिला बहर ओसरण्याच्या आतच सहीचा प्रश्न येतो. परदेशस्थाने तेथील नोटरी किंवा भारतीय वकिलातीसमोर कुलमुखत्यारपत्र करावे, ते राज्यात पोचल्यापासून तीन महिन्यांत मुद्रांकित करून घ्यावे, अशी रीत आहे. परदेशी असलेल्या मुलीस याच वेळी बहुधा हक्कसोडपत्राची विचारणा होते. ‘तुला तिकडे काय कमी आहे?’ या वाक्यात व्यवहार असतो, तसा एक निवाडाही असतो : दूर गेलेलीचे या घरातील स्थान संपले. ती सही करते किंवा करीत नाही. दोन्ही बाबतींत तिला वडिलांच्या मृत्यूबरोबर माहेरच्या मृत्यूचाही विचार करावा लागतो. कायद्याने तिला वाटा दिला आहे. तिच्यापुढचा प्रश्न वाट्यापुरता नसतो, आणि म्हणूनच वकिलाच्या सल्ल्याने तो सुटत नाही.

उलटपक्षी, ज्या घरांत दूरस्थास एखादे निश्चित काम सोपविले जाते तेथे तो लवकर सावरताना दिसतो. आईच्या औषधांचा हिशेब, बहिणीच्या लग्नाचे कार्यालय ठरविणे, भाच्याच्या प्रवेशाची धावपळ यांपैकी काही त्याचे म्हणून मानले गेले, की पैसे पाठविणारा हा त्याचा दर्जा बदलतो. मंडालेच्या तुरुंगात असताना १९१२ च्या जूनमध्ये लोकमान्य टिळकांस पत्नी सत्यभामाबाई यांच्या निधनाची तार मिळाली. त्यानंतर त्यांनी घरी पाठविलेल्या पत्रात दुःखाबरोबर मुलांच्या अभ्यासात खंड पडू नये याविषयीच्या सूचना आहेत. मंडाले तेव्हा ब्रिटिश हिंदुस्थानातच मोडत होते आणि तेथील वास सक्तीचा होता, त्यामुळे तुलना मर्यादित आहे. पण घरापासून तुटलेला माणूस कर्तेपणाचा धागा कसा धरून ठेवतो, हे त्यावरून समजते.

उदाहरणातील मुलगा वर्षश्राद्धास काळेवाडीत येतो असे समजावे. घरच्यांचे रडणे केव्हाच सरलेले आहे, लग्न होऊन गेले आहे, भिंतीस नवा रंग आहे. तो उंबरठ्यात येताच आई आणि चुलत्या त्याच्या गळ्यात पडून मोठ्याने रडू लागतात. शेजारी बाहेर येतात. मृत्यू कालच झाला असावा असे ते दृश्य असते. उशिरा आलेल्यासाठी शोक पुन्हा आरंभावा, ही रीत खेड्यापाड्यांतून या वस्तीत आलेली आहे. त्यानंतर कोणीतरी पाणी आणते, चुलता त्यास वडिलांच्या जागी बसावयास सांगतो, आणि तो बसतो.